लिव्हिंग विल बदलायचं किंवा रद्द करायचं असेल तर

लिव्हिंग विल म्हणजे पुढे आपल्याला निर्णय घेता येईनासा झाला तर कोणते उपचार करावेत आणि कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवलेला कागद. तो फाडून टाकला की विल रद्द झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. मालमत्तेच्या मृत्युपत्राबाबत तसं होऊ शकतं, लिव्हिंग विलबाबत नाही. ते रद्द करायचं तर लेखीच करावं लागतं, आणि ज्या पद्धतीने केलं होतं त्याच पद्धतीने. शिवाय तुम्ही फाडाल ती एक प्रत. दुसरी महापालिकेत, तिसरी फॅमिली डॉक्टरांच्या फाइलमध्ये, चौथी मुलीच्या मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवलेली. नवा मजकूर एका दुपारी लिहून होतो. वेळ जातो तो या प्रतींच्या मागे धावण्यात, आणि लोक आळस करतात तोही तिथेच.

आपल्याकडे या विषयावर संसदेने केलेला वेगळा कायदा नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 9 मार्च 2018 रोजी ‘कॉमन कॉज’ खटल्यात निकाल दिला, सन्मानाने मरणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि लिव्हिंग विल कसं करायचं याचे नियम घालून दिले. ते इतके किचकट होते की कागद होणंच मुश्कील झालं होतं. प्रत्येक विलवर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत असे. 24 जानेवारी 2023 रोजी न्यायालयाने ते सोपे केले. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर काम होतं. बदल करताना किंवा रद्द करताना हीच 2023 नंतरची पद्धत वापरायची.

बदल नेमका कधी करावा लागतो

कारणं दोन प्रकारची असतात: तुमचं मत बदललं, किंवा मत तेच राहिलं पण भोवतालची परिस्थिती बदलली. लोक पहिल्याचा विचार करतात आणि दुसरं विसरतात.

पालक म्हणून, म्हणजे तुमच्या वतीने संमती द्यायला, ज्यांचं नाव घातलं होतं ते गेले, आजारी पडले, परदेशी गेले किंवा त्यांच्याशी बोलणं राहिलं नाही, हे सगळ्यात नेहमीचं. ही बाब किरकोळ नाही. तुम्ही बोलू शकत नसाल तेव्हा उपचार थांबवायला त्या नाव असलेल्या व्यक्तीची संमती घेतली जाते. रात्री दोन वाजता आयसीयूतून फोन जाणार आहे तो तिलाच. 2018च्या नियमांत एका व्यक्तीचा उल्लेख होता, 2023पासून एकाहून जास्त नावं देता येतात. जुन्या विलमध्ये एकच नाव असेल तर बाकी काही बदलायचं नसलं तरी एवढ्यासाठी नवं करा. मुलगा अमेरिकेत असेल तर त्याचं नाव जरूर ठेवा, पण तासाभरात रुग्णालयात पोहोचू शकेल असं एक नाव त्याच्या जोडीला हवंच.

दुसरं कारण नवं निदान. पन्नाशीत धडधाकट असताना लिहिलेलं “व्हेंटिलेटर नको” आणि दम्याचा किंवा हृदयाचा आजार निघाल्यावर लिहिलेलं “व्हेंटिलेटर नको” यांचा अर्थ एक नसतो. नियमांतही हे धरलेलं आहे: विल करताना कल्पना नव्हती अशी परिस्थिती उद्भवली आणि ती ठाऊक असती तर तुमचा निर्णय वेगळा झाला असता असं मानायला सबळ कारण असेल, तर त्या उपचारापुरतं विल लागू होत नाही. म्हणजे निदान झाल्यावर विल तसंच पडू दिलं, तर तुमच्या मनात काय होतं याचा अंदाज दुसरे बांधणार. विस्मरणाच्या आजाराचं निदान सुरुवातीच्या टप्प्यात झालं असेल तर एक आठवडाही घालवू नका, कारण बदल करण्याचा हक्क निर्णयक्षमता शाबूत असेपर्यंतच आहे.

तिसरं, 2018 ते 2023 या काळात दंडाधिकाऱ्यांच्या सहीची कटकट नको म्हणून अनेकांनी नुसत्या साक्षीदारांच्या सह्या घेऊन कागद कपाटात ठेवला. तो तुमची इच्छा दाखवेल, पण नियमांप्रमाणे पूर्ण नाही. त्याला डागडुजी करत बसू नका. नवं करा.

गाव किंवा शहर बदललं तरी विल बाद होत नाही, फक्त प्रत चुकीच्या महापालिकेत पडून राहते. अवयवदानाचा अर्ज नंतर भरला असेल, तर “कोणत्याही परिस्थितीत व्हेंटिलेटर नको” हे वाक्य त्याच्या आड येऊ शकतं. मेंदूमृत्यूनंतर अवयव काढेपर्यंत व्हेंटिलेटर चालू ठेवावा लागतो. तेवढ्यापुरती मुभा शब्दांत लिहा.

जुन्या कागदावर पेन चालवू नका

मृत्युपत्राला पुरवणी जोडतात तशी इथेही जोडावी असा सल्ला कधीकधी मिळतो. माझं मत ठाम उलट आहे. एक ओळ बदलायची असली तरी संपूर्ण विल नव्याने लिहा.

कारण व्यवहाराचं आहे. विल संदिग्ध असेल तर वैद्यकीय मंडळांनी, म्हणजे उपचार थांबवायचे का यावर मत देणाऱ्या डॉक्टरांच्या गटांनी, ते अमलात आणायचं नाही, असा नियम आहे. मग विल नसलेल्या रुग्णाची पद्धत लागू होते. समासात हाताने लिहिलेला बदल, खोडलेलं नाव, त्यावर कुणाची तरी अर्धी सही, आणि सोबत पुरवणीचा एक वेगळा कागद जो फाइलमध्ये सापडत नाही. आयसीयूतल्या डॉक्टरांनी यातून काय समजायचं? ते कायद्याच्या भीतीने सावध बाजू घेणार, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

एकाहून जास्त विलं असतील आणि एकही रद्द केलेलं नसेल तर सगळ्यात शेवटी सही केलेलं विल ग्राह्य धरतात. त्यामुळे नव्या विलमध्ये जुनं रद्द केल्याचं वाक्य राहून गेलं म्हणून आभाळ कोसळत नाही. पण हा नियम उपयोगी पडायला दोन्ही कागद एकाच टेबलावर यावे लागतात. जुनाच तेवढा आला तर तारखांची तुलना करणार कोण? म्हणून वाक्य घालाच आणि सही करताना तारीख ठसठशीत लिहा.

नवा मजकूर

जुनी प्रत समोर घ्या. तिच्यावरची तारीख, साक्षीदारांची नावं, नोटरीचा शिक्का आणि नोटरीच्या रजिस्टरचा नोंद क्रमांक कागदावर टिपून घ्या. नव्या विलच्या पहिल्याच परिच्छेदात हे यायला हवं (आगाऊ वैद्यकीय निर्देशपत्र म्हणजे लिव्हिंग विलच):

“दिनांक … रोजी केलेलं आणि नोटरी नोंद क्रमांक … असलेलं माझं आगाऊ वैद्यकीय निर्देशपत्र, तसंच याआधीची अशी सर्व निर्देशपत्रं मी या लेखाने रद्द करत आहे. यापुढे हेच निर्देशपत्र लागू राहील.”

त्यानंतर मूळ विलमध्ये लागतात त्या सगळ्या गोष्टी पुन्हा लिहायच्या: कोणत्या अवस्थेत कोणते उपचार सुरू करू नयेत किंवा थांबवावेत, पालक म्हणून नेमलेल्यांची पूर्ण नावं, पत्ते आणि चालू फोन नंबर, हे निर्देश मी कधीही मागे घेऊ शकतो किंवा शकते याचा उल्लेख, आणि परिणाम समजून सही करत असल्याचं विधान.

उपचारांचा मजकूर बदलत असाल तर डॉक्टरांबरोबर अर्धा तास बसा. वकिलाला ही माहिती नसते. नुसतं “व्हेंटिलेटर नको” लिहिलं तर न्यूमोनियात चार-पाच दिवसांच्या आधाराने माणूस बरा होऊन घरी गेला असता, तिथेही गोंधळ होतो. नियमांप्रमाणे विल लागू होतं ते बरं होण्याची आशा नसलेल्या, दीर्घ उपचार चाललेल्या आणि निर्णयक्षमता गमावलेल्या रुग्णाला. पण घाबरलेले नातेवाईक एवढं बारकाईने वाचत नाहीत. त्यापेक्षा असं लिहिता येतं: “बरं होण्याची शक्यता असताना ठरावीक काळापुरता व्हेंटिलेटर लावायला माझी हरकत नाही. मात्र सुधारणेची आशा उरलेली नाही असं वैद्यकीय मंडळांचं मत झाल्यास तो काढून घ्यावा. वेदनाशमन आणि शुश्रूषा शेवटपर्यंत सुरू ठेवावी.” डायलिसिस, नळीवाटे अन्न, छाती दाबून हृदय पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न, यांतल्या प्रत्येकाबद्दल असंच वेगळं वाक्य असावं.

नुसतंच रद्द करायचं असेल तर

नवं विल करायचं नाही, जुनं मागे घ्यायचं आहे, एवढंच असेल तर स्वतंत्र रद्दपत्र करा. एक पान पुरतं:

“मी … (पूर्ण नाव, वय, पत्ता) पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देते की, दिनांक … रोजी केलेलं, नोटरी नोंद क्रमांक … असलेलं माझं आगाऊ वैद्यकीय निर्देशपत्र मी आजपासून पूर्णपणे रद्द करत आहे. त्यात नेमलेल्या व्यक्तींना माझ्या वतीने संमती देण्याचा दिलेला अधिकारही काढून घेत आहे. याचे परिणाम मला समजले आहेत.”

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. विल रद्द केलं म्हणजे “माझ्यावर सगळे उपचार शेवटपर्यंत करा” असं तुम्ही सांगितलं, असं होत नाही. विल नसलेल्या रुग्णाबाबतही उपचार थांबवता येतात. तेव्हा तुमच्या शब्दाऐवजी जवळच्या नातेवाइकांची संमती आणि मंडळांचं मत यांवर निर्णय होतो. तुम्हाला खरोखर अधिक उपचार हवे असतील तर रद्दपत्र पुरेसं नाही. नवं विल करून काय हवं ते लिहा. रद्दपत्र योग्य ठरतं ते “घरच्यांना जे वाटेल ते त्यांनी करावं, मला आधी काही बांधून ठेवायचं नाही” अशा विचाराच्या माणसाला.

सह्यांचा दिवस

पद्धत पहिल्यासारखीच. तुमची सही दोन साक्षीदारांसमोर, मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकन. कागदावर आधी सही करून नेऊ नका. समोर बसून करा, सगळ्यांच्या तारखा एकच येऊ द्या. साक्षीदार शक्यतो बाहेरचे असावेत. पालक म्हणून नेमलेली व्यक्ती, वारसदार, उपचार करणारे डॉक्टर यांना साक्षीदार करू नका. शेजारचे निवृत्त शिक्षक आणि सोसायटीचे सेक्रेटरी ही जोडी सगळ्यात बरी. पहिल्या वेळचेच साक्षीदार हवेत असं काही नाही.

साक्षांकन करणाऱ्याने फक्त शिक्का मारायचा नसतो. तुम्ही हे स्वेच्छेने, दबावाशिवाय आणि समजून करत आहात याबद्दल त्याने समाधान नोंदवायचं असतं. ती ओळ कागदावर आहे का, हे तिथून उठायच्या आधी वाचा. मालमत्तेच्या प्रतिज्ञापत्रांचा रतीब घालणाऱ्या नोटरीला ही ओळ माहीत नसते. टाइप करून न्या. निकालात स्टॅम्प पेपरची अट नाही. नोटरीने आग्रह धरलाच तर वाद घालण्यापेक्षा आणून दिलेला बरा. दुय्यम निबंधकाकडे नोंदणीही लागत नाही.

माणूस अंथरुणाला खिळलेला असेल तर नोटरी घरी किंवा रुग्णालयात येऊ शकतो. सरकारी रुग्णालयात दाखल असाल तर तिथले राजपत्रित वैद्यकीय अधिकारी हा जवळचा पर्याय आहे. वय जास्त असेल, पक्षाघात होऊन गेला असेल किंवा घरात या विषयावर दोन तट असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडून “रुग्ण शुद्धीत असून निर्णय घेण्यास सक्षम आहे” असं तारखेसह पत्र घ्या. नियमांत ते मागितलेलं नाही. पण उद्या कुणी म्हणालं की “आईला त्या वेळी काही कळतच नव्हतं”, तर हे पत्रच उत्तर देईल.

प्रती: इथे घाई करू नका

एका कोऱ्या पानावर लिहून काढा की जुन्या विलची प्रत कुणाकुणाला दिली होती. आठवत नसेल तर या जागा तपासा: महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीने नेमलेला अभिरक्षक (विलच्या प्रती सांभाळणारा), फॅमिली डॉक्टर, पालक, इतर मुलं, शेवटच्या वेळी दाखल झालात त्या रुग्णालयाची फाइल, डिजिटल आरोग्य नोंदी, कुटुंबाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. या शेवटच्यावर हसू नका. तातडीच्या वेळी लोक सगळ्यात आधी तिथेच शोधतात, आणि तिथे वर आलेली प्रत जुनी असते.

अभिरक्षकापासून सुरुवात करा. विलची प्रत स्थानिक संस्थेच्या सक्षम अधिकाऱ्याकडे द्यायची आणि त्याने ती सांभाळण्यासाठी अभिरक्षक नेमायचा, अशी 2023ची तरतूद आहे. महाराष्ट्रात बराच काळ ती कागदावरच होती. मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केल्यानंतर अभिरक्षकांच्या नेमणुकीला गती आली. मुंबईत वॉर्ड ऑफिसमधल्या आरोग्य अधिकाऱ्याकडे चौकशी करा, इतरत्र महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या आरोग्य विभागात. खिडकीवर “असं काही आमच्याकडे नसतं” हे उत्तर मिळालं तर परत फिरू नका. पत्र आवक विभागात द्या आणि पोच घ्या.

पत्र चार ओळींचं असावं. अमुक तारखेला माझं निर्देशपत्र आपल्याकडे दिलं होतं, ते रद्द केलं आहे, रद्दपत्राची किंवा नव्या विलची प्रत सोबत जोडली आहे, जुन्या प्रतीवर तशी नोंद करावी. तुमच्या प्रतीवर गोल शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. जुनी प्रत ते परत देतीलच असं नाही; नोंद झाली तरी पुरे. दुसऱ्या शहरात राहायला गेला असाल तर जुन्या ठिकाणी रद्द झाल्याचं पत्र आणि नव्या ठिकाणी नवी प्रत, अशी दोन कामं होतात.

घरच्यांकडच्या आणि डॉक्टरांकडच्या छापील प्रती परत मागा. प्रत्येक पानावर तिरकी रेघ मारून “रद्द”, तारीख आणि सही. मूळ प्रत मात्र फाडू नका. तिच्यावरही असंच लिहून ती नव्या विलच्या मागे, वेगळ्या पाकिटात ठेवा. मत कधी आणि कसं बदललं याचा माग राहतो. डिजिटल आरोग्य नोंदीत जुनं विल चढवलं असेल तर ते काढून नवं चढवा. नव्या विलच्या शेवटी “प्रती पुढील ठिकाणी दिल्या” अशी यादी जोडून ठेवलीत तर पुढच्या बदलाच्या वेळी हा शोध पुन्हा घ्यावा लागणार नाही.

आणि ज्याचं नाव पालक म्हणून काढलं त्याला ते तुम्ही स्वतः सांगा. धाकट्या भावाला रुग्णालयाच्या कॉरिडॉरमध्ये पहिल्यांदा कळलं की दादाने आपलं नाव काढून वहिनीच्या भाचीचं घातलं, तर भांडण त्या कॉरिडॉरमध्येच होणार. “तू लांब असतोस, तुला धावपळ होईल” एवढं म्हटलं तरी पुष्कळ असतं.

रुग्णालयात दाखल असताना मत बदललं तर

तुम्ही शुद्धीत आहात आणि बोलू शकता, तोवर विल झोपलेलं असतं. ते जागं होतं तुमची निर्णयक्षमता गेल्यावर. म्हणून खाटेवर पडून “मला व्हेंटिलेटर लावा, मला जगायचंय” असं डॉक्टरांना सांगितलंत, तर तोच तुमचा निर्णय. नोटरी येईपर्यंत थांबायचं कारण नाही. डॉक्टरांना तो तुमच्या शब्दांत केसपेपरवर तारीख-वेळेसह लिहायला सांगा, आणि शक्य असेल तर खाली सही किंवा अंगठा करा. नियमांप्रमाणे विल रद्द करण्याचं काम नंतर रीतसर करता येईल, किंवा तेवढा वेळच नसेल तर ही नोंद निदान तुमचं ताजं मत म्हणून मंडळांपुढे असेल.

रुग्णालयाने केलेली “हृदय बंद पडल्यास पुनरुज्जीवन करू नये” ही नोंद म्हणजे लिव्हिंग विल नाही. ती त्या दाखल होण्यापुरती डॉक्टरांनी केलेली असते. विल रद्द केलं म्हणून ती आपोआप पुसली जात नाही, आणि ती काढली म्हणून विल रद्द होत नाही. दोन्हीबद्दल वेगवेगळं विचारा.

नातेवाईक, पालक किंवा डॉक्टर तुमचं विल रद्द करू शकत नाहीत. पालकाने संमती द्यायची असते, मजकूर बदलायचा नसतो. तुम्ही बेशुद्ध झालात की कागद आहे त्या मजकुरावर गोठतो. त्यानंतर उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले निदान दोन तज्ज्ञ यांचं प्राथमिक मंडळ, त्याच्यावर दुसरं मंडळ ज्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असतो, दोघांनी शक्यतो 48 तासांत मत द्यायचं, आणि अंमल करण्याआधी रुग्णालयाने दंडाधिकाऱ्यांना कळवायचं. मंडळाने नकार दिला तर पालकांना किंवा घरच्यांना कलम 226 खाली उच्च न्यायालयात जाता येतं.

मानसिक आरोग्याचा कागद वेगळा

मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 खाली केलेलं आगाऊ निर्देशपत्र ही निराळी चीज आहे. मानसिक आजारात कसे उपचार हवेत किंवा नकोत आणि आपला नामनिर्देशित प्रतिनिधी कोण, हे त्यात असतं. तेही बदलता, मागे घेता येतं, पण त्या कायद्याच्या पद्धतीने. लिव्हिंग विल रद्द करताना “याआधीची सर्व निर्देशपत्रं” असं सरसकट लिहिलंत तर हाही कागद त्यात आला की काय, असा प्रश्न निघू शकतो. दोन्ही केलेली असतील तर त्या वाक्यात एवढं जोडा: “मानसिक आरोग्यसेवा कायद्याखाली केलेलं माझं निर्देशपत्र यामुळे बदलत नाही.” कुलमुखत्यारपत्र आणि मालमत्तेचं मृत्युपत्र यांना या सगळ्याने धक्का लागत नाही, त्यांचा वेगळा उल्लेख करायची गरज नाही.